रिस्टोअर करून पाहिलंत का?

२७ जून २०१७ रोजी न्हावा-शेवा बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. क्रेन धड होत्या, कामगार हजर होते, बंद पडले होते ते फक्त संगणक. कुठल्या रांगेतला कोणता कंटेनर कोणत्या ट्रकवर चढायचा हे सर्व्हरला ठाऊक होतं, माणसांना नव्हतं. मग हाताने नोंदी करत जमेल तेवढं काम रेटावं लागलं. टर्मिनल चालवणारी कंपनी मेर्स्क या डॅनिश उद्योगसमूहातली. त्या दिवशी तिची जगभरातली अनेक बंदरं अशीच अडकली होती.

दुखणं सुरू झालं होतं युक्रेनमध्ये. तिथे एम.ई.डॉक नावाचं हिशेबाचं आणि करभरण्याचं सॉफ्टवेअर आपल्याकडच्या टॅलीसारखं सर्रास वापरलं जाई. हल्लेखोरांनी त्याच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्रॅम सोडला. मेर्स्कच्या ओडेसा इथल्या कचेरीत एका संगणकावर हे सॉफ्टवेअर होतं, आणि तेवढं पुरलं. काही तासांत कंपनीचे हजारो संगणक निकामी झाले. नॉटपेट्या खंडणी मागत होता खरा, पण पैसे भरूनही डेटा परत मिळायची सोय त्यात नव्हतीच.

माझ्या दृष्टीने या गोष्टीतला सगळ्यात शिकवणारा भाग पुढे आहे. मेर्स्ककडे बॅकअप नव्हता असं नाही. बहुतेक सर्व्हरांचे तीन ते सात दिवस जुने बॅकअप सापडले. सापडेना तो डोमेन कंट्रोलरचा. कंपनीच्या जाळ्यात कोण कोण आहे, कुणाला कुठे प्रवेश आहे, याची वही ज्या सर्व्हरवर असते तो डोमेन कंट्रोलर. ती वही नसेल तर बाकीचे सर्व्हर उभे करूनही उपयोग नाही. मेर्स्कचे असे सुमारे दीडशे डोमेन कंट्रोलर जगभर पसरलेले होते आणि ते सतत एकमेकांशी जुळवून घेत. एक मेला तर उरलेल्यांतून तो पुन्हा उभा करता येईल, असा हिशेब होता. सगळे एकदम मरतील हे हिशेबात धरलेलंच नव्हतं.

वाचला फक्त एक, घानामधला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला होता. लोडशेडिंगने कुणाचं इतकं भलं केल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. पण घानाचं इंटरनेट इतकं हळू, की तो डेटा इंग्लंडमधल्या कचेरीत पाठवायला काही दिवस लागले असते. तिथल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी घानाचा एक माणूस विमानाने नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर त्याने दुसऱ्या सहकाऱ्याच्या हाती हार्ड डिस्क दिली आणि तो सहकारी ती घेऊन लंडनला पोचला. त्यानंतर कंपनीने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं.

मेर्स्कची चूक आपल्याकडे पावलोपावली दिसते, फक्त आकार लहान. “बॅकअप आहे का?” असं विचारलं की कारखान्याचे मालक सांगतात, “आहे ना, सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत.” म्हणजे रेड. एका डिस्कवर लिहिलेलं त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जातं. एक डिस्क गेली तर काम थांबत नाही, हा त्याचा फायदा मोठाच आहे. पण अकाउंटंटने चुकून फोल्डर पुसला तर तोही त्याच क्षणी दोन्ही डिस्कवरून पुसला जातो. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हशी फोल्डर जोडून ठेवणाऱ्यांचं तेच. इथे पुसलं की तिथे पुसलं. पुसलेल्या फाइल काही दिवस तिथल्या कचरापेटीत राहतात, पण तेवढ्या दिवसांत चूक लक्षात आली तर. जी प्रत मूळ वस्तूच्या मागे सावलीसारखी फिरते ती मूळ वस्तूबरोबर खड्ड्यातही पडते. बॅकअप म्हणजे भूतकाळाची प्रत. काल रात्री दहा वाजता जे होतं ते तसंच, आजच्या घोटाळ्याचा स्पर्श न झालेलं.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला, ३१ जानेवारी २०१७ रोजी, गिटलॅबमध्ये जे घडलं ते मी नव्या मुलांना नेहमी सांगतो. प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळून ठेवणारी ही कंपनी. रात्री उशिरा एक इंजिनिअर डेटाबेसच्या दुय्यम सर्व्हरची दुरुस्ती करत होता. तिथला डेटा फोल्डर रिकामा करायचा म्हणून त्याने आज्ञा दिली. दुसऱ्याच क्षणी त्याच्या लक्षात आलं, की आपण दुय्यम नाही, मुख्य सर्व्हरवर आहोत. त्याने ती थांबवली तोवर सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरले होते.

असं कुणाकडूनही होऊ शकतं. धक्का पुढे बसला. कंपनीकडे डेटा वाचवण्याच्या पाच तजविजी होत्या आणि वेळेला त्यांतली एकही नीट चालत नव्हती. रोजचा डेटाबेस बॅकअप ज्या साठवणीत जायचा ती उघडली तर रिकामी. कारण काय, तर डेटाबेसची आवृत्ती ९.६ होती आणि बॅकअप घेणारं साधन ९.२चं. आवृत्ती जुळत नाही म्हणून ते रोज नकार देऊन बंद पडत होतं. मग कळलं कसं नाही? बॅकअप चुकला की ईमेल यायची सोय होती, पण त्या ईमेलवर आवश्यक ती सही नव्हती म्हणून मेल सर्व्हर त्या परत लावत होता. ज्या क्लाउडवर सर्व्हर होते तिथली डिस्कची छायाप्रत घेण्याची सोय डेटाबेस सर्व्हरांसाठी सुरूच केलेली नव्हती. तारलं ते एका योगायोगाने. सहा तास आधी कुणीतरी चाचणीसाठी एक छायाप्रत हाताने घेऊन ठेवली होती. ती परत आणायला, डिस्क धीम्या असल्यामुळे, अठरा तासांच्या आसपास लागले. मधल्या सहा तासांतले सुमारे ५,००० प्रकल्प आणि ७०० नवी खाती गेली. कंपनीने हे सगळं उघड लिहिलं, दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली आणि दोष त्या इंजिनिअरच्या माथी मारला नाही. असा मोकळेपणा आपल्याकडच्या किती कंपन्या दाखवतील, हा प्रश्न मी इथेच सोडतो.

गिटलॅबचे बॅकअप बंद पडले होते, पण आवाज न करता. बॅकअपचा हा स्वभावच आहे. प्रिंटर बिघडला तर पाच मिनिटांत कुणीतरी ओरडतं. बॅकअप बिघडला तर वर्षभर कुणाला पत्ता लागत नाही, कारण त्याची गरजच पडत नाही.

लहान कचेऱ्यांचे सर्व्हर सांभाळताना मला भेटलेली कारणं ऐकून हसू येईल. एका वर्कशॉपमध्ये रोज रात्री बाहेरच्या यूएसबी डिस्कवर बॅकअप जात असे. कुणीतरी सर्व्हरला पेन ड्राइव्ह लावला, मग सर्व्हर रीस्टार्ट झाला आणि ‘ई’ ड्राइव्हची झाली ‘एफ’. बॅकअप पुढचे चार महिने नसलेल्या ‘ई’ला शोधत राहिला. दुसरीकडे बॅकअपची फाइल वाढत वाढत ४ जीबीच्या वर गेली आणि डिस्क होती जुन्या फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली. त्या पद्धतीत ४ जीबीहून मोठी फाइल मावतच नाही. धंदा वाढला आणि त्याच कारणाने बॅकअप थांबला. तिसरीकडे नेटवर्कवरच्या फोल्डरला ‘झेड’ ड्राइव्ह असं नाव देऊन ठेवलं होतं. हाताने चालवलं की बॅकअप व्यवस्थित, रात्री आपोआप मात्र नाही. असा जोडलेला ड्राइव्ह लॉगिन केलेल्या माणसाला दिसतो, पार्श्वभूमीवर चालणाऱ्या कामाला दिसत नाही. तिथे फोल्डरचा पूर्ण नेटवर्क पत्ता द्यावा लागतो. आणि ज्या खात्याच्या नावाने रात्रीचं काम लावलेलं असतं त्याचा पासवर्ड बदलला, की ते काम त्या दिवसापासून संपलंच म्हणायचं.

डेटाबेसची तऱ्हा आणखी वेगळी. एसक्यूएल सर्व्हर चालू असताना त्याच्या फाइल कुलूपबंद असतात. त्या नुसत्या कॉपी करायला गेलं तर कॉपी होत नाहीत, आणि बरेच प्रोग्रॅम त्या गुपचूप वगळून पुढे जातात. डेटाबेसला स्वतःलाच बॅकअप काढायला सांगावं लागतं. पण पुष्कळ लहान कंपन्यांकडे असते फुकट मिळणारी एक्सप्रेस आवृत्ती आणि तिच्यात वेळापत्रक सांभाळणारा एजंट नसतो. सॉफ्टवेअर बसवून गेलेल्या माणसाने ते सांगितलेलं नसतं. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरची वेगळीच गत. तिघेजण नोंदी करत असताना त्याचा फोल्डर उचलला तर अर्धी नोंद जुनी, अर्धी नवी असा डेटा हाती येतो. फाइल दिसते, उघडताना रडते. डिस्क अचानक भरली अशीही तक्रार येते. पाहावं तर डेटाबेसची लॉग फाइल फुगलेली. डेटाबेस ‘फुल रिकव्हरी’वर ठेवलेला असतो आणि लॉगचा बॅकअप कधी घेतलेलाच नसतो. तो घेतल्याशिवाय लॉगमधली जागा मोकळी होत नाही. घाबरून ती फाइल पुसणारे महाभागही मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका.

म्हणून ‘यशस्वी’ या शब्दावर माझा विश्वास नाही. टास्क शेड्युलर काम यशस्वी झालं म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच, की सांगितलेली आज्ञा चालली. फाइल शून्य केबीची असली तरी त्याला देणंघेणं नसतं. त्यापेक्षा रोज सकाळी तीन गोष्टी पाहाव्यात: बॅकअपच्या फाइलची तारीख, तिचा आकार आणि बॅकअपला लागलेला वेळ. काल १२ जीबी, आज १२.१ जीबी, ठीक. आज ३ जीबी असेल तर काहीतरी वगळलं गेलंय. एरवी रोजच्या बदलांचा बॅकअप दोन जीबी असतो आणि आज एकदम दोनशे झाला, तर चहा बाजूला ठेवून आधी नेटवर्कची वायर काढा. खंडणीखोर प्रोग्रॅम फाइल कुलूपबंद करत सुटला की सगळ्याच फाइल ‘बदललेल्या’ ठरतात आणि बॅकअप फुगतो. आणि ईमेल ‘चुकलं तर’ नको, रोज हवी. रोज येणारी ईमेल एक दिवस आली नाही, की माणसाच्या मनात पाल चुकचुकते.

प्रती किती आणि कुठे? छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा ठोकताळा अजून चालतो. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. यातल्या ‘दुसऱ्या जागी’ला लोक फसतात. १० मार्च २०२१च्या मध्यरात्रीनंतर फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली, शेजारच्या इमारतीचा काही भाग गेला. लाखो वेबसाइट बंद पडल्या. ‘रस्ट’ हा ऑनलाइन खेळ चालवणाऱ्यांचा युरोपातल्या सर्व्हरवरचा डेटा कायमचा गेला. ज्यांनी पैसे मोजून बॅकअप घेतला होता त्यांतल्या काहींना नंतर कळलं, की तोही त्याच आवारात होता. क्लाउड म्हणजे कुणाची तरी इमारतच असते, आणि तिचा पत्ता विचारायचा हक्क ग्राहकाला आहे.

आपल्याकडे आगीपेक्षा पाणी जास्त. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर आणि सांगली एकाच आठवड्यात पाण्याखाली होती. कोल्हापुरातल्या पेढीने आपली दुसरी प्रत सांगलीच्या शाखेत ठेवली असती तर ३-२-१ कागदावर पूर्ण आणि हातात शून्य. जुलै २०२१ मध्ये चिपळूणची बाजारपेठ बुडाली तेव्हा तळमजल्यावरचा सर्व्हर आणि त्याच टेबलाच्या खणातली बॅकअपची डिस्क यांचं भवितव्य एकच असणार होतं. दुसरी जागा दुसऱ्या नदीच्या खोऱ्यात असावी, इतका साधा नियम मी धरतो. यूपीएसही जमिनीवर ठेवू नका. पाणी आधी त्याच्यापर्यंत पोचतं.

खंडणीखोरांनी या ठोकताळ्यात भर घालायला लावली. हे लोक आत शिरल्यावर लगेच हल्ला करत नाहीत. आधी बॅकअप शोधतात. विंडोजच्या छायाप्रती पुसायला त्यांना एका ओळीची आज्ञा पुरते, आणि सर्व्हरला कायम जोडलेली यूएसबी डिस्क ही त्यांच्यासाठी आणखी एक ड्राइव्ह, बाकी काही नाही. २०१४ साली कोड स्पेसेस या कंपनीच्या क्लाउड खात्याचा ताबा हल्लेखोराने घेतला आणि डेटा व बॅकअप दोन्ही पुसले. दोन्ही एकाच किल्लीखाली होते. कंपनी बंद झाली. म्हणून एक प्रत वायर काढून कपाटात असावी किंवा ठरलेल्या मुदतीपर्यंत मालकालाही पुसता येणार नाही अशा साठवणीत असावी. बॅकअपचा पासवर्ड सर्व्हरच्या पासवर्डापेक्षा वेगळा हवा, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

प्रती किती जुन्या ठेवायच्या, यासाठी आजोबा-वडील-मुलगा ही जुनी रीत चांगली आहे. रोजच्या काही प्रती, आठवड्याच्या काही, महिन्याच्या काही. बिघडलेली नोंद दोन महिन्यांनी ऑडिटमध्ये सापडते आणि तोवर रोजची प्रत साठ वेळा तोच बिघाड घेऊन बसलेली असते. मार्चअखेरची प्रत वेगळी काढून ठेवावी. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाच्या वह्या आठ वर्षं जपायच्याच असतात.

आता मालकाला विचारायचे दोन प्रश्न. पहिला: किती मागे गेलेलं चालेल? म्हणजे संकटानंतर डेटा काल रात्रीचा मिळाला तर दिवसभराच्या नोंदी पुन्हा करता येतील का? कागदी बिलं असलेल्या वर्कशॉपला येतील. पॅथॉलॉजी लॅबला नाही येणार, कारण रिपोर्ट मशिनमधून थेट सर्व्हरवर गेलेले असतात. तिथे दर तासाला प्रत हवी. दुसरा: किती वेळ बंद राहिलेलं चालेल? यावर सगळे म्हणतात, “एक मिनिटही नाही.” मग मी कागदावर गणित मांडतो. एक टीबी डेटा १०० एमबीपीएसच्या इंटरनेटवरून उतरवायला, वेग पूर्ण मिळाला तरी, बावीस तास लागतात. निम्माच वेग मिळाला तर जवळपास दोन दिवस. तोच डेटा सेकंदाला १०० एमबी देणाऱ्या साध्या यूएसबी डिस्कवरून तीन तासांच्या आत येतो. म्हणजे क्लाउडची प्रत पुरासाठी आणि जवळची डिस्क रोजच्या चुकांसाठी. दोन्ही लागतात, कामं वेगळी.

आणि हा डेटा उतरवायचा कुठे? सर्व्हर जळाला तर नवा यायला आठवडे लागू शकतात. जुन्या सर्व्हरची संपूर्ण प्रत वेगळ्या बनावटीच्या मशिनवर टाकली तर अनेकदा ती सुरूच होत नाही. डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर वेगळा असतो, बूट होण्याची पद्धत वेगळी असते. सर्व्हर आभासी मशिन म्हणून चालवत असाल तर हा त्रास पुष्कळ कमी, बऱ्यापैकी रॅम असलेल्या दुसऱ्या संगणकावरही तो तात्पुरता उभा राहतो. तसा एक संगणक आधीच हेरून ठेवावा.

आपत्तीतली योजना कागदावर छापलेली असावी. योजनेची फाइल सर्व्हरवर, सर्व्हर बंद, असं मी प्रत्यक्ष पाहिलंय. कागदावर लागतं ते थोडकंच: आधी काय उभं करायचं (नेटवर्क, मग डोमेन कंट्रोलर, मग डेटाबेस, मग बाकीचं), लायसन्सच्या किल्ल्या, डोमेन नाव कुणाच्या खात्यात आहे, इंटरनेट कंपनीचा ग्राहक क्रमांक आणि कुलूपबंद बॅकअपची किल्ली. ती किल्ली हरवली तर तुमचाच बॅकअप तुमच्यासाठी खंडणीखोराने कुलूप लावल्यासारखा होतो. सायबर हल्ला असेल तर ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला सहा तासांच्या आत कळवणं २०२२ पासून बंधनकारक आहे, तो पत्ताही त्याच कागदावर लिहा. आणि एका माणसाचं नाव, जो म्हणेल, “दुरुस्ती पुरे, आता बॅकअप उतरवा.” हा निर्णय कुणी घेत नाही म्हणून पहिले आठ तास वाया जातात.

ऑगस्ट २०२२ पासून भारतातल्या कंपन्यांना संगणकावरच्या हिशेबवह्यांचा बॅकअप रोज, भारतातल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. ऑडिटच्या वेळी तो आहे का, हे विचारलं जातं. परत येतो का, हे कुणी विचारत नाही. ते तुम्ही विचारा. येत्या शनिवारी दुपारी कचेरी रिकामी झाली की कपाटातली डिस्क काढा, सर्व्हरला हात न लावता दुसऱ्या एखाद्या संगणकावर मागच्या आठवड्याचा बॅकअप उतरवा आणि त्यातलं एक बिल उघडून छापा. सुरुवात केल्यापासून बिल छापून हातात येईपर्यंत किती वेळ लागला, ते त्याच बिलाच्या मागे पेनाने लिहून मालकाच्या टेबलावर ठेवा.